कॉर्नर, खळ आणि करिझ्मा

आषाढ लागला की लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा कपाटात जातो आणि कॉम्प्युटर तापायला लागतो. चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतातच, तेव्हा उन्हाळ्यात उरकलेल्या लग्नांचे अल्बम याच दिवसांत हातावेगळे करायचे असतात. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास जे फोटो स्टुडिओ असतात, त्यांच्या मागच्या खोलीत पावसाळ्यात एखादा पोरगा रात्री उशिरापर्यंत स्क्रीनसमोर बसलेला दिसतो. समोर १२ बाय ३६ इंचांचं आडवं शीट उघडलेलं. डावीकडे नवरीचा मोठा कटआउट, उजवीकडे सहा छोट्या चौकटी, मागे पुसट गुलाब. नवरा कोण आणि नवरी कोण, एवढंच त्याला कळतं. फेटा बांधून प्रत्येक फोटोत पुढे पुढे करणारा गृहस्थ सख्खा मामा आहे की नुसताच शेजारी, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही.

त्याच्याकडे ‘सिलेक्शन’चं फोल्डर येतं आणि त्यावर तो काम करतो. म्हणजे आलं तर. या धंद्यातला सगळ्यात मोठा खोळंबा इथेच होतो. फोटोग्राफर पेनड्राइव्हवर हजारो फोटो देतो आणि त्यातले दोन-तीनशे निवडून द्या म्हणतो. घरचे आज बसू, रविवारी बसू करत राहतात. मुलीकडच्यांना वाटतं आपले फोटो कमी आले, सासूबाईंना प्रत्येक फोटोत आपले डोळे मिटलेले दिसतात. गौरी-गणपती होतात, दिवाळी होते, कधी कधी तर त्याच स्टुडिओत बारशाची ऑर्डर येते आणि लग्नाचं सिलेक्शन अजून व्हायचंच असतं. फोटोग्राफरची बाकीही तेवढे दिवस लटकलेली.

कागदी अल्बमाकडून डिजिटल अल्बमाकडे आपण कसे आलो, ही गोष्ट बहुतेक वेळा यंत्रांची म्हणून सांगितली जाते. मला ती कामाच्या वाटणीची वाटते. चिकटवायचं काम यंत्राने घेतलं, हे खरं. पण निवडायचं, क्रम लावायचं आणि खाली नावं लिहायचं काम कुणी घ्यायचं, ते कुणी ठरवलंच नाही. पूर्वी घरातली एखादी आत्या किंवा काकू ते न सांगता करून टाकायची.

०००

आपल्याकडे चिकटवण्याची हौस शाळेत लागते. चिकटवहीसाठी स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे तक्ते मिळायचे: राष्ट्रीय नेते, वाहतुकीची साधने, पाळीव प्राणी. ते कापायचे, लावायचे आणि खाली पट्टीने रेघ मारून नाव लिहायचं. डिंकाची बाटली नेमकी आदल्या रात्री आटलेली असायची, मग आई मैद्याची खळ शिजवायची. बुकबाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात. घरच्या खळीत तो नसल्याने पहिल्याच पावसाळ्यात वहीला कसर लागे आणि नेत्यांचे चेहरे कुरतडले जात. मोठी माणसंही चिकटवतच होती. पाककृती, नाटकांची परीक्षणं, श्रद्धांजलीचे लेख यांच्या कात्रणवह्या कितीतरी घरांत निघतील, आणि स्पोर्टस्टारमधली मधली पोस्टरं पिना काढून सांभाळणारी एक पिढीच होऊन गेली.

ही हौस त्याहूनही जुनी आहे. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छापील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या, तेव्हा हौशी हातांनी त्या चित्रांवर खरी जर, टिकल्या, मणी आणि कापड चिकटवून देवीला साड्या नेसवल्या. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक शोधत फिरतात. छापून आलेली एकसारखी वस्तू आपल्या हाताने आपली करून घ्यायची, यालाच पुढे अमेरिकेत स्क्रॅपबुकिंग म्हणून बाजारपेठ मिळाली.

फोटो मात्र आपल्या घरात उशिरा आला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार होते. पण मध्यमवर्गाच्या हातात कॅमेरा आला तो बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीच्या रूपाने, स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षांनी. १२० नंबरच्या एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. रोल उटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’चा असो की परदेशी, त्याला पैसे पडायचे, धुवायला पैसे पडायचे, प्रिंटला वेगळे. त्यामुळे निवड बटण दाबण्याआधीच होत असे. सगळे एका ओळीत उभे राहिले, लहान मुलं पुढे बसली, कुणीतरी ‘हलू नका’ म्हणून ओरडलं, आणि मगच खटका.

हे फोटो काळ्या जाड पानांच्या अल्बमात जायचे. दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटवलेला पातळ, करकरणारा कागद. फोटोला गोंद लावायचा नाही. काळे तिकोनी कॉर्नर जिभेने ओले करून पानावर बसवायचे आणि फोटोची चार टोकं त्यात सरकवायची. पांढऱ्या पेन्सिलीने खाली लिहायचं: ‘महाबळेश्वर, मे ६४. डावीकडून बाळू, नलूताई, अण्णा’. फोटो केव्हाही बाहेर काढता येई, मागचा स्टुडिओचा शिक्का वाचता येई. अभिलेखागारांतले तज्ज्ञ आज अल्बम कसा असावा म्हणून जे सांगतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या अल्बमात आपोआप होत्या.

मग रंग आले आणि गंमत झाली. आजीच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो आजही टवटवीत दिसतात, कारण त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले आईच्या लग्नाचे रंगीत फोटो लालसर पडलेले असतात, कारण त्या काळच्या रंगीत कागदावरचा निळसर थर अंधाऱ्या कपाटातसुद्धा आधी विटतो. हिरवा शालू तपकिरी होतो आणि भटजींसकट सगळे संध्याकाळच्या उन्हात उभे असल्यासारखे दिसतात.

०००

अमेरिकेचा फेरफटका थोडक्यात मारतो. मार्क ट्वेनला कात्रणं जमवायचा नाद होता आणि गोंदाच्या बरबटीचा मनस्वी कंटाळा. त्याने पानांवर आधीच गोंदाचे पट्टे दिलेली वही काढली, जी नुसती ओली केली की चिकटे, आणि १८७३ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. आजच्या अर्थाने स्क्रॅपबुकिंगची लाट उठली ती मात्र युटा राज्यात. तिथल्या मॉर्मन समाजात वंशावळ राखणं हे धर्मकार्य मानतात. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या वंशावळ-परिषदेत मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाचे सजवलेले अल्बम मांडले, लोकांनी सामान कुठे मिळतं विचारलं, आणि दुकान निघालं. १९८७ मध्ये ‘क्रिएटिव्ह मेमरीज’ सुरू झाली. बायका घरी जमून अल्बम लावायच्या आणि त्यांच्यातलीच एक सामान विकायची, म्हणजे आपल्याकडच्या डब्यांच्या पार्टीचाच प्रकार. आम्लविरहित कागद, लिग्निन नसलेला पुठ्ठा, असे शब्द या बायकांच्या तोंडी झाले.

डिजिटल कॅमेऱ्याने या धंद्याचा पाया काढून घेतला. प्रिंटच निघेनात, तर चिकटवणार काय? क्रिएटिव्ह मेमरीजच्या मालक कंपनीने २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. छंद मात्र मेला नाही, स्क्रीनवर गेला. कागदाचा पोत, रिबीन, सुतळी, वाळलेलं पान, सगळं फाइलच्या रूपात विकत मिळू लागलं. त्या रिबिनीखाली खोटी सावली टाकायची म्हणजे ती चिकटवल्यासारखी दिसते! दुसरीकडे बेनी लांडा यांच्या इंडिगो कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या डिजिटल छपाई यंत्राने प्लेट न बनवता छापणं शक्य केलं, आणि पुस्तकाची एकच प्रत काढणं परवडू लागलं. एका घरापुरतं, एका प्रतीचं पुस्तक छापता येणं ही माझ्या मते कॅमेऱ्यातल्या क्रांतीइतकीच मोठी गोष्ट आहे, पण तिचं कौतुक कमी झालं.

०००

आपल्याकडे काळा अल्बम आणि फोटोबुक यांच्यामध्ये एक विचित्र प्राणी होऊन गेला: चिकट अल्बम. पुठ्ठ्यावर गोंदाच्या बारीक रेघा आणि वर पारदर्शक प्लास्टिक. प्लास्टिक उचला, फोटो ठेवा, प्लास्टिक दाबा. काकूंना तो फार आवडला, कारण कॉर्नर चाटायचे नाहीत आणि पानावर फोटो हवे तसे हलवता येतात. त्यात मग प्लास्टिकखाली नाव लिहायची जागाच नसल्याने नावंही गेली.

हे अल्बम आता पिवळे पडलेत. गोंद फोटोच्या पाठीत मुरलाय आणि कोकणासारख्या दमट हवेत फोटोचा चकचकीत पृष्ठभाग वरच्या प्लास्टिकलाच चिकटून बसलाय. स्कॅन करायला म्हणून अशा अल्बमातून फोटो काढणं हे नाजूक काम आहे. नखाने कोपरा उचलायला गेलात की फोटो वाकतो आणि वरच्या थराला कायमची भेग पडते. हेअर ड्रायर लावण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नये. आधी प्लास्टिकसकट पानाचा फोटो घ्यावा, न जाणो पुढे फाटला तर. मग प्लास्टिक सावकाश, पानाला जवळजवळ समांतर ठेवून सोलायचं. त्यानंतर दात साफ करायचा बारीक दोरा घ्यायचा, मेण नसलेला. दोन्ही हातांत ताणून तो फोटोच्या वरच्या कडेखाली घालायचा आणि करवतीसारखा डावी-उजवीकडे हलवत खाली आणायचा. गोंदाची रेघ आली की दोरा अडतो, तिथे घाई करायची नाही. एकेक रेघ सुटताना बारीक चर्र आवाज येतो. चार बाय सहाच्या एका फोटोला काही मिनिटं सहज जातात. कुठे फोटो प्लास्टिकला चिकटलेला असेल तर तो सोडून द्यावा आणि वरूनच स्कॅन करावा.

०००

मागच्या खोलीतल्या त्या पोराकडे परत जाऊ. तो बनवतोय त्याला बाजारात करिझ्मा अल्बम म्हणतात. शीट छापून मधोमध घडी घालतात आणि एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चिकटवतात, त्यामुळे अल्बम उघडला की सपाट बसतो आणि मधे फट राहत नाही. वर लेदरचं किंवा ॲक्रिलिकचं कव्हर, नवरा-नवरीचा फोटो, आणि सगळं ठेवायला सुटकेससारखी पेटी. वजन असं की म्हाताऱ्या माणसाला मांडीवर घेऊन बघता येत नाही. चहाच्या वेळी दोघांनी मिळून तो टेबलावर आणायचा.

डिझाइन बहुधा तयार असतं. टेम्प्लेटच्या डीव्हीडी पूर्वी दुकानांतून मिळायच्या, आता लिंक मिळते. त्यात मेहंदी, संगीत, बिदाई अशी पानं असतात. सीमांतपूजन, गौरीहार, सूनमुख, कानपिळी यांना पानच नसतं, तेव्हा ती ‘अदर्स’ मध्ये जातात. मुंडावळ्यांची तर दैना होते. चेहरा मूळ पार्श्वभूमीतून कापून काढताना मोत्यांच्या त्या लडी सॉफ्टवेअरला दिसतच नाहीत, गालावरची लड राहते आणि कानामागची अर्धवट तुटते. नीट करायचं तर एकेक मोती हाताने सोडवावा लागतो, आणि शीटमागे जे पैसे मिळतात त्यात तेवढा वेळ बसत नाही.

नावांची कथा वेगळीच. नवरीचं नाव स्मिता आहे असं धरू. फोटोशॉपला कित्येक वर्षं युनिकोड देवनागरी जुळवता येत नव्हती. स आणि म सुटे पडायचे, मधे पाय मोडलेला दिसायचा आणि वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन लागायची. मग श्रीलिपीचे जुने फाँट वापरायचे. त्यात नाव देखणं दिसे, पण तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथे तो फाँट नसला की इंग्रजी खुणांचा कचरा. आता फोटोशॉपच्या टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ अशी सोय आहे, ती निवडली की स्मिता स्मिताच राहते. पण ही सोय ठाऊक नसलेले स्टुडिओ अजून आहेत आणि त्यांनी काढलेली पळवाट आपण सगळ्यांनी पाहिली आहे: पानभर मराठी विधी आणि नावं इंग्रजीत, वळणदार अक्षरात, मधे ‘वेड्स’. कव्हरवर एवढं एकदा लिहिलं की आत एकही नाव नाही. पुढच्या पिढीला हा अल्बम उघडल्यावर दोन माणसं कळतील, बाकीचे सगळे पाहुणे.

०००

आणि तरीही नावांचं पान परत येतंय, ते एका अनपेक्षित निमित्ताने: सहस्रचंद्रदर्शन. वयाची ऐंशी वर्षं आणि वर काही महिने झाले की माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं मानतात. पूर्वी त्याला पूजा, जेवण आणि शाल-श्रीफळ. आता नातवंडं फोटोबुक करतात. बरीच नातवंडं पुण्या-मुंबईत नसतातच. न्यू जर्सीतली नात, बंगळुरूचा नातू, सांगलीतली आत्या आणि ठाण्याच्या काकू मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप होतो, नाव बहुधा ‘आजोबा सरप्राइज’, आणि त्यात चुकून आजोबांनाच कुणीतरी ॲड करतं.

इथे चिकटवहीचं सगळं जुनं शहाणपण पुन्हा लागतं, कारण हे टेम्प्लेट भरून होत नाही. पहिला पेच फोटोंच्या दर्जाचा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून लांबीत सुमारे १६०० पिक्सेलचा होतो. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तो फोटो पाच-सव्वापाच इंचांपलीकडे ताणता येत नाही. मोबाइलवर लख्ख दिसणारे आजोबा पूर्ण पानावर छापले की धुक्यातून आल्यासारखे दिसतात. शिवाय फोटो काढल्याची तारीख वाटेत पुसली जाते, सगळे फोटो कालचेच होतात आणि आपोआप लागणारा क्रम कोसळतो. उपाय सोपा आहे: फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा. पण हे काकूंना फोनवर समजावून सांगायला धीर लागतो.

दुसरा पेच जुन्या फोटोंच्या तारखांचा, आणि यात मला सगळ्यात जास्त रस आहे. फोटोच्या मागे काही लिहिलेलं नसेल तर माणसांपेक्षा त्यांच्या आजूबाजूला बघावं. फोटो चौकोनी, पांढऱ्या कडेचा असेल तर बहुधा १२० रोलचा. भिंतीवर कालनिर्णय असेल तर १९७३ किंवा नंतरचा, कारण ते निघालंच त्या वर्षी. मुंबईतल्या गच्चीवर टीव्हीचे अँटेना दिसत असतील तर २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, मुंबई दूरदर्शन त्या दिवशी सुरू झालं. स्कूटरच्या पाटीवर ‘एमएच’ असेल तर १९८९ च्या अलीकडचा. चेहऱ्यांवरून वय काढायला गेलं की भांडणं होतात, पाटीवरून होत नाहीत.

माणसं ओळखायला मात्र माणूसच लागतो, आणि तो फोनवर सापडत नाही, समोर बसावं लागतं. फोटो टॅबवर मोठा करून दाखवला की ऐंशीच्या पुढची बाई तिसऱ्या रांगेतल्या मुलाचं नाव सांगते, त्याला लागलेलं व्यसन सांगते आणि त्याच्या बायकोने काय केलं तेही सांगते. यातलं पुस्तकात किती घ्यायचं हे संपादकीय काम आहे. काळ्या अल्बमातली आत्या हेच करायची. एखादा फोटो कॉर्नरमधून गुपचूप निघून जायचा आणि चार रिकामे कॉर्नर तेवढे उरायचे.

ओळखलेली नावं प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नयेत, दाब पुढून उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. जुन्या कागदी प्रिंटवर मऊ पेन्सिल चालते, नंतरच्या प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावर ती उठतच नाही. सगळ्यात बरं म्हणजे फोटोवर बटर पेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढाव्यात, आकडे घालावेत आणि खाली यादी करावी. कुलवृत्तांतांच्या जुन्या पुस्तकांत ग्रुप फोटोखाली ‘बसलेले, डावीकडून’ अशी जी ओळ असते, तिचाच हा घरगुती अवतार. फोटोबुकमध्ये ती ओळ हवीच, आणि बारा पॉइंटच्या खाली नको, कारण पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यांचं वय लक्षात घ्यावं.

फाइल हरवण्याचा धोका कागद जळण्याइतकाच खरा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांचे फोटो सीडीवर मिळाले, त्या सीडीला आता डाग आलेत आणि ती घालायला लॅपटॉपला खाच नाही. कोडॅकची ऑनलाइन गॅलरी २०१२ मध्ये बंद झाली. ॲपलने २००२ पासून चालवलेली फोटोबुक छापून देण्याची सेवा २०१८ मध्ये गुंडाळली. गुगलने १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट अमर्याद जागा बंद केली. म्हणून छापखान्याला दिलेली पूर्ण पीडीएफ निदान दोन घरी, दोन वेगळ्या डिस्कवर असावी. समारंभानंतर आणखी प्रती हमखास लागतात. सोहळ्यात एकच पुस्तक हातोहात फिरतं आणि घरी गेल्यावर तीन नातेवाईक फोन करतात.

प्रूफची पीडीएफ ग्रुपवर पडली की खरं काम सुरू होतं. आजोबांची नोकरी कोणत्या साली लागली यावर दोन मतं निघतात, एका वहिनींचा एकही फोटो नसल्याचं त्यांच्या माहेरून कळवलं जातं आणि दोन पानांच्या मधोमध, नेमक्या घडीत, धाकट्या काकांचं नाक गेलेलं असतं. पानं वाढवायची तर जोडीनेच वाढतात आणि दरही वाढतो. तेव्हा शेवटची एक जोडी मजकुराविना धरूनच सुरुवातीला हिशेब करावा. राहिलेले जावई तिथे बसतात.